लोणारचं शेवाळ: एका जुन्या खाऱ्या टाकीची गोष्ट

समुद्राच्या पाण्याचा फिश टँक घरी बसवणाऱ्यांची एक ठरलेली रडकथा असते. हजारो रुपये घालून काच, पंप, दिवे, 'लाइव्ह रॉक' आणायचे, मीठ मोजून पाणी बनवायचं, आणि मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर. तो पुसला की काही दिवसांनी हिरवे केस. ते उपटले की वाळूवर लालसर, चिकट साय. ऑफिसात अशी टाकी पाळणारा एक तरी प्राणी असतोच, आणि लंचला त्याच्या शेजारी बसलं तर जेवण होईस्तोवर नायट्रेट आणि फॉस्फेट ऐकावं लागतं :)

पण ही रडकथा आहे मोठी मजेशीर, कारण तिचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. या जिवाणूंची वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर पाण्यात खत भरपूर, ऊन (म्हणजे दिवा) भरपूर आणि खाणारं कुणी नाही. मग जो पहिला येईल त्याचं राज्य. पाण्यातल्या सिलिकेटवर आधी तपकिरी डायटम येतात, मग हिरवं शेवाळ, मग सायनोबॅक्टेरिया, म्हणजे ज्याला आपण शाळेत 'नीलहरित शेवाळ' म्हणून शिकलो ते. (खरं तर ते शेवाळ नाहीच, जिवाणू आहेत. पण शाळेतलं नाव सुटत नाही, आणि या लेखातही मी ते सोडणार नाहीये.) उपाय सगळे कंटाळवाणे आहेत: दिवा कमी तास लावा, नळाचं पाणी वापरू नका, मासे कमी ठेवा, गोगलगायी सोडा, आणि मुख्य म्हणजे थांबा.

गोगलगायीची युक्ती जुनी आहे. १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने एक प्रयोग प्रसिद्ध केला. काचेच्या भांड्यात दोन गोल्डफिश आणि एक पाणवनस्पती. वनस्पती प्राणवायू देणार, मासे जगणार, असा हिशोब. काही दिवसांत सडकी पानं आणि हिरवा गाळ यांनी पाणी बिघडायला लागलं. मग त्याने गोगलगायी सोडल्या, त्यांनी घाण खाल्ली आणि भांडं 'चालू' झालं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिलं सार्वजनिक मत्स्यघर उघडलं, आणि १८५४ मध्ये फिलिप गॉसच्या पुस्तकाने 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरात नेला. आपल्याकडे मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय आलं ते १९५१ मध्ये. म्हणजे काचेत समुद्र कोंडण्याचा माणसाचा अनुभव जेमतेम पावणेदोनशे वर्षांचा.

आता बुलढाणा जिल्ह्यात या. सगळ्यात जवळचा समुद्र शेकडो किलोमीटर लांब. आणि तिथे एक खाऱ्या पाण्याची टाकी काही लाख वर्षं चालू आहे. पंप नाही, फिल्टर नाही, बाहेर जायला वाट नाही.

लोणार बहुतेकांनी बघितलेलं असतं ते वेरूळ-अजिंठ्याला जोडून, किंवा शेगाव-सिंदखेडराजा करून येताना. जालन्याहून मंठ्यामार्गे गेलं की सपाट, काळ्या मातीचा, कपाशी-सोयाबीनचा मुलूख लागतो आणि अचानक जमीन संपते. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, दीडशे मीटर खोल, जवळजवळ गोल विवर. तळाशी साधारण १.२ किलोमीटर व्यासाचं तळं. आणि ते हिरवं. निळं नाही, गढूळ नाही, चक्क हिरवं, ताज्या रंगाच्या डब्यासारखं.

हा हिरवा रंग म्हणजेच या लेखाचा नायक. तिथे बहुसंख्येने राहतं ते आर्थ्रोस्पायरा, म्हणजे औषधाच्या दुकानात 'स्पिरुलिना' म्हणून गोळ्यांच्या बाटलीत मिळतं ते. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर स्प्रिंगसारखे बारीक वेटोळे धागे दिसतात. फिश टँकवाला ज्या वर्गाच्या जिवांना शिव्या घालतो, त्याच वर्गातला हा जीव, आणि लोणारचं सगळं अन्नपाणी त्याच्यावर उभं आहे.

त्याला तिथे इतकं का आवडतं हे समजायला पाण्याकडे बघावं लागतं. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१-८.२ असतो. लोणारचा गेल्या शंभर वर्षांत बऱ्याच वेळा १० किंवा त्याच्या वर मोजला गेलाय. आकडा जवळचा वाटतो, पण हे मोजमाप लॉगवर चालतं, म्हणजे दोनचा फरक हा शंभर पटींचा फरक आहे. समुद्राच्या पाण्यात मुख्यतः मीठ असतं. इथे मिठाच्या बरोबरीने सोडा आहे, सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट. अशा पाण्यात मासा, बेडूक, साधं शेवाळ, कुणाचंच फारसं चालत नाही. आर्थ्रोस्पायराला मात्र बायकार्बोनेट म्हणजे तयार ताट. प्रतिस्पर्धी नाहीत, कार्बन अमाप, ऊन विदर्भाचं. एकच उणीव, हवेतला नायट्रोजन त्याला स्वतःला पकडता येत नाही, तो पाण्यातून मिळावा लागतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

हा सोडा आला कुठून? थोडक्यात सांगायचं तर बाहेर वाट नसल्यामुळे. भोवतीच्या बसाल्टमधून झिजून आलेला सोडियम झऱ्यांच्या आणि पावसाच्या पाण्याबरोबर आत येतो. पाणी उडून जातं, सोडियम उडत नाही. फिश टँकवाले हेच रोज अनुभवतात: टाकीतलं पाणी आटलं तर वर साधं पाणी घालायचं, खारं नाही, कारण मीठ कुठेच गेलेलं नसतं. लोणारच्या तळ्याचं क्षेत्रफळ धरलं तर उन्हाळ्यात एक मीटर पातळी उतरणं म्हणजे ११० कोटी लिटरहून जास्त पाणी वर गेलं आणि त्यातला क्षार खाली राहिला. पावसाळ्यात उलट. असं दर वर्षी, लाखो वर्षं.

लाखो म्हणजे किती, यावर भांडण आहे, आणि ते मला आवडतं. आधी थर्मोल्युमिनेसन्स पद्धतीने विवराचं वय सुमारे ५२ हजार वर्षं निघालं होतं आणि कित्येक लेखांत अजून तेच छापतात. २०१० च्या सुमारास आर्गॉन पद्धतीने मोजलं तर आकडा निघाला ५ लाख ७० हजार, अधिक-उणे ४७ हजार. दहापटीहून जास्त! एकाच 'रेकॉर्ड'च्या दोन 'टाइमस्टँप'मध्ये एवढा फरक आपल्याला डेटाबेसात दिसला असता तर कुणाची तरी रात्रीची झोप उडाली असती.

विवर कशामुळे पडलं याचाही निकाल लागायला दीडशे वर्षं गेली. १८२३ साली जे. ई. अलेक्झांडर नावाचा ब्रिटिश अधिकारी इथे येऊन गेला, आणि त्यानंतर आलेल्या बहुतेक भूशास्त्रज्ञांनी सरळ हिशोब केला: दख्खनचा काळा दगड ज्वालामुखीचा, मग हा खड्डाही ज्वालामुखीचाच. १८९६ मध्ये अमेरिकेच्या गिल्बर्टने अ‍ॅरिझोनाच्या विवराशी लोणारचं साम्य नोंदवलं. गंमत म्हणजे त्याने स्वतः अ‍ॅरिझोनाचं विवरही उल्केमुळे झालं नाही असंच ठरवलं होतं. १९७३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध आला. तळाखाली भोकं पाडून काढलेल्या दगडांत त्यांना मॅस्केलिनाइट सापडलं होतं, म्हणजे प्रचंड धक्क्याने काच झालेलं खनिज. ज्वालामुखी असा धक्का देत नाही. प्रश्न मिटला.

पण हा सगळा वाद दगडाचा. गावातल्या माणसांना दगडाशी काय करायचं होतं? त्यांना पाण्याशी मतलब होता, आणि पाण्याबद्दल त्यांनी फार आधी लिहून ठेवलंय.

लोणार हे नावच लवणावरून. कथा अशी की लवणासुर नावाचा राक्षस इथे जमिनीखाली राहायचा, विष्णूने वरचं झाकण उडवून त्याला मारलं आणि स्वतः दैत्यसूदन झाला. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ आजही उभं आहे. वरून झाकण उडालं, खाली खारं पाणी राहिलं... भूशास्त्रज्ञांच्या ज्वालामुखीपेक्षा ही कथा प्रत्यक्षाच्या जास्त जवळ आहे असं म्हणायचा मोह होतो, पण तो आवरतो. वरून काही पडताना बघायला तेव्हा इथे लवणासुराशिवाय कुणी नव्हतं. लीळाचरित्रातही लोणार येतं, चक्रधरस्वामी इथे राहून गेले होते.

माझ्या दृष्टीने सगळ्यात भारी नोंद मात्र अबुल फजलची आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीच्या आइन-इ-अकबरीत मेहकर सरकाराखाली लोणार येतं. ब्राह्मण याला विष्णुगया म्हणतात हे तो सांगतो, आणि लगेच मुद्द्यावर येतो: इथल्या डोंगरात काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं आणि त्यातून सरकारला उत्पन्न होतं. पुढे तो असंही नोंदवतो की पाणी खारं असलं तरी काठाला गोडं पाणी लागतं. आजही तेच आहे. तळ्याच्या काठी, अगदी हातभर अंतरावर, गोड्या पाण्याच्या जागा आहेत. वर धारेचं पाणी बारमाही वाहतं, लोक तिथे आंघोळी करतात. रामगया, सीतान्हाणी, असे आणखी झरे आहेत. हे सगळं गोडं पाणी शेवटी खाली तळ्यात जातं.

म्हणजे अकबराच्या काळात लोणार हे तीर्थ होतं आणि त्याच वेळी केमिकल फॅक्टरी होती. उन्हाळ्यात पाणी मागे सरलं की माणसं चिखलात उतरायची, तळाशी जमलेले खडे आणि पापुद्रे काढायची, काठावर वाळवायची. प्रतीप्रमाणे नावं होती: डल्ला, निमकडल्ला, पापडी, भुस्की. रंग पक्का करायला, साबणाला, काचेला, बांगड्यांना हा सोडा लागायचा. आपल्या स्वयंपाकघरात पापडखार म्हणून जो असतो, तो याच घराण्यातला. मोगल गेले, निजाम आला. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. मालक बदलले, खड्डा आणि खार तोच राहिला. १९१० च्या बुलढाणा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये या सोड्याची सविस्तर माहिती आहे. त्याच सुमारास भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या ला टूश आणि क्रिस्टी यांनी तळ्याचा अभ्यास केला. क्रिस्टी रसायनशास्त्रज्ञ होता, आणि त्याला पडलेला प्रश्न अगदी सरळ होता: इथे सोडा नेमका किती आहे, आणि तो येतो कुठून?

हा धंदा नंतर बसला. माझा अंदाज असा की बेल्जियमच्या सॉल्व्हेने १८६१ मध्ये मिठापासून स्वस्त सोडा करण्याची रीत काढली तेव्हाच लोणारच्या खड्यांचं भवितव्य ठरलं होतं. कारखान्यातला शुद्ध सोडा आगगाडीने दारात येत असताना चिखलात उतरून मिसळीचा खार कोण काढणार? स्वदेशी सोडाही पुढे आला, पण तो सौराष्ट्रात मिठापूरला, समुद्राच्या मिठापासून.

शेवाळाचा या सगळ्यात उल्लेखच नाही, हे मला सारखं खटकत होतं. चारशे वर्षं लोक या पाण्यातून सोडा काढतायत, पाणी हिरवंगार, आणि हिशोब सगळा खड्यांचा. शेवाळ म्हणजे घाण, ती बाजूला करायची. ही नजर फक्त आपली नव्हती. मेक्सिकोत टेक्सकोको नावाचं असंच सोड्याचं तळं होतं. विसाव्या शतकात तिथे सोसा टेक्सकोको नावाची कंपनी प्रचंड गोगलगायीच्या आकाराच्या वाफ्यांत पाणी आटवून सोडा काढायची, आणि तिला हिरव्या शेवाळाचा उपद्रव होत होता. १९६० च्या दशकात कंपनीने फ्रान्सच्या पेट्रोलियम संस्थेला सल्ला विचारला. कारण त्याच सुमारास जाँ लेओनार या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाला आफ्रिकेत चाड तलावाच्या परिसरात बाजारात हिरव्या वड्या विकताना दिसल्या होत्या. लोक तळ्यातलं शेवाळ गाळून, वाळवून खात होते. ते निघालं आर्थ्रोस्पायरा. आणि मग आठवलं की टेक्सकोकोच्या काठी अ‍ॅझ्टेक लोकही हेच खायचे, स्पॅनिश लोकांनी सोळाव्या शतकात तसं लिहूनही ठेवलं होतं. १९७० च्या दशकात सोडा कंपनीच स्पिरुलिना विकायला लागली. काल जो बग होता तो आज फीचर. (हा विनोद टाळता आला नाही, माफ करा.)

लोणारचं शेवाळ कुणी खाल्ल्याची नोंद माझ्या वाचनात नाही. पण तिथलं पाणी आणि सूक्ष्मजीव यांच्यावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेपासून औरंगाबाद-अमरावतीच्या विद्यापीठांपर्यंत बरंच काम झालंय. अल्कलीत जगणारे जिवाणू, त्यांची विकरं, मिथेन करणारे जीव, असं बरंच काही त्यातून हाती लागलंय. १९१० मध्ये ज्या चिखलात फक्त सोडा दिसला त्याच चिखलात आता माणसं जनुकं शोधतायत.

चिखलाची आणखी एक गोष्ट सांगतो आणि मग वर्तमानात येतो. भारतीय आणि जर्मन संशोधकांनी तळ्याच्या तळातून सुमारे १० मीटर लांबीचा गाळाचा गाभा काढला, म्हणजे थर न विस्कटता काढलेली मातीची कांडी. त्यावरचा निबंध २०१४ मध्ये आला. त्या कांडीत जवळपास ११ हजार वर्षांचा पाऊस साठवलेला आहे. काही थरांत त्यांना गेलुसाइटचे स्फटिक मिळाले. हे खनिज पाणी फार आटून फार खारं झालं तरच तयार होतं. असे थर दोन काळांत होते: आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वी, आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी. म्हणजे मान्सून लांबलचक काळ रुसलेला. दैत्यसूदनाचं देऊळ बांधलं गेलं, चक्रधर येऊन गेले, तो काळ या दुसऱ्या कोरड्या पट्ट्यातच येतो. तळ्याने हे सगळं सहन केलं. खारं झालं, आटलं, पुन्हा भरलं. टाकी पुसायला कुणी आलं नाही.

आता वर्तमान. लोणार गाव विवराच्या अगदी काठाला आहे, आणि उतार तळ्याकडे. गाव वाढलं, घरोघरी नळ आले, साबण-पावडर आली. सांडपाणी उताराने जायचं तिकडेच गेलं. शेतांतलं खत पावसाबरोबर गेलं. आसपास पाझर तलाव झाले, जमिनीतून गोडं पाणी जास्त झिरपायला लागलं. उतारावर वेडी बाभूळ माजली. गेल्या शतकातली मोजमापं शेजारी ठेवली तर पाण्याचा खारटपणा उतरत गेलेला दिसतो. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका गेली आणि तेव्हापासून सांडपाणी, अतिक्रमण, बाभूळ, रस्ता या सगळ्यावर न्यायालय नगरपालिकेला, वनखात्याला, पुरातत्त्व खात्याला विचारत आलंय. झाडं तोडली गेली, सांडपाण्यावर प्रक्रिया करायच्या योजना झाल्या. चाल आपली सरकारी.

फिश टँकच्या भाषेत हे मांडलं तर चित्र एकदम स्वच्छ दिसतं. सांडपाण्यातून काय येतं? नायट्रोजन आणि फॉस्फेट. आर्थ्रोस्पायराला जी उणीव होती तीच भरून निघते. म्हणून सुरुवातीला हिरवं जास्तच हिरवं होतं, आणि काठावर उभा राहणारा म्हणतो, काय सुंदर! मग जास्त वाढलेलं शेवाळ मरतं, सडतं, खालचं पाणी प्राणवायूवाचून राहतं आणि कुजक्या अंड्याचा वास येतो. पण खरी भीती ही नाहीये. खत कमी करता येतं. खरी भीती गोड्या पाण्याची आहे. पीएच आणि क्षार खाली आले की लोणारचं कुंपण मोडतं. ज्या साध्या शेवाळांना, जिवाणूंना आजवर आत यायची सोय नव्हती ते येतात, आणि आर्थ्रोस्पायराची मक्तेदारी संपते. तळं तेव्हाही हिरवंच दिसेल! गावोगावी असतं तसं जलपर्णी-शेवाळ्याचं हिरवं. फोटोत फरक कळणार नाही.

म्हणूनच 'लोणारचं पाणी शुद्ध करा' अशी मागणी कुणी केली की मला धसका बसतो. घरच्या टाकीत शेवाळ काढायचं असतं, कारण तिथे मासे ठेवायचे असतात. इथे शेवाळ ठेवायचंय आणि गोडं पाणी आवरायचंय. हिरव्या पाण्याला घाण समजून फवारे आणि एरेटर लावण्याची आपल्याकडची हौस बघितली, तर हा फरक फळ्यावर लिहून ठेवायला हवा.

केनियाच्या नाकुरू तळ्यावर काय झालं ते आठवतं का? तेही सोड्याचं तळं, आर्थ्रोस्पायराने हिरवं, आणि ते खायला लाखोंनी येणारे लहान रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो. गुलाबी काठाचे ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. २०१० नंतर तिथली पातळी सतत चढत गेली, तळं पसरलं, पाणी पातळ झालं, शेवाळ कमी झालं आणि रोहित बऱ्याच अंशी उठून बोगोरियाला गेले. कुणी विष टाकलं नव्हतं. फक्त पाणी जास्त झालं.

आणि मग जून २०२०. लॉकडाऊनचे दिवस, सगळे घरी, आणि बातमी आली की लोणारचं पाणी गुलाबी झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर लवणासुराचं रक्त, कलियुगाचा अंत, चीन, सगळं एकाच दिवसात येऊन गेलं. 'नासा'ने २५ मे आणि १० जूनच्या उपग्रह प्रतिमा शेजारी लावून दाखवल्या, एक हिरवी, एक गुलाबी. खंडपीठाने दखल घेतली, नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संस्थेकडे गेले. पहिला संशय अर्थात शेवाळावरच. ड्युनालिएला नावाचं एक शेवाळ फार खाऱ्या पाण्यात बीटा-कॅरोटीन साठवून लाल होतं, मिठागरांत ते नेहमी दिसतं. आघारकरच्या तपासणीत मात्र गुन्हेगार वेगळा निघाला: हॅलोआर्किया. हे शेवाळ नाही आणि जिवाणूही नाही. जीवसृष्टीची ही तिसरीच शाखा आहे आणि तिची वेगळी ओळख पटवली ती १९७७ मध्ये कार्ल वूजने. यांच्या अंगात गुलाबी रंगद्रव्य असतं. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षार आणि पीएच चढले, माणसांची वर्दळ थांबलेली, आणि जे एरवी अल्पसंख्य असतात त्यांचं काही आठवड्यांचं राज्य आलं. पाऊस पडला, ते तळाशी बसले, रंग गेला.

या बातमीचा सूर 'तळ्याला काहीतरी झालं' असा होता. मला ती उलट दिलासा देणारी वाटली. गुलाबी होण्याएवढं खारं व्हायची ताकद त्या पाण्यात २०२० मध्येही शिल्लक होती! त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणार रामसर यादीत आल्याचं जाहीर झालं, नांदूर मधमेश्वरनंतर महाराष्ट्रातलं दुसरं. त्यानंतरच्या वर्षांत मात्र चांगल्या पावसांनी पाणी चढत कमळजादेवीच्या देवळापर्यंत आलं. नवस फेडायला येणाऱ्यांची अडचण झाली तेवढ्याचीच चर्चा जास्त. त्या चढलेल्या पाण्यात पीएच किती उतरला, हा प्रश्न खरा तर आधी विचारायला हवा.

जाणार असाल तर एक सोपा उद्योग करता येईल. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या टिपकागदाच्या चार पट्ट्या खिशात टाका. हळद अल्कलीत लाल होते, कुंकू करण्याची जुनी रीत हीच. एक पट्टी वर धारेच्या पाण्यात बुडवा, ती पिवळीच राहील. दुसरी काठच्या गोड्या पाण्यात, तिसरी तळ्यात. चौथी जिथे गावाचा नाला तळ्याला मिळतो, तिथे. कितव्या पावलावर पट्टी पिवळ्याची लाल होते ते मोजा, तारीख घाला, आणि लिहून ठेवा. मे महिन्यात एकदा आणि दिवाळीनंतर एकदा गेलात तर उत्तमच. उतरताना सोपं वाटतं, चढताना दम निघतो, तेव्हा पिण्याचं पाणी बरोबर ठेवा.